फुलाविना झाड ओळखताना : वर्षावनाच्या खालच्या थराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पनामातील वर्षावनात पायवाटेलगत एक लहान झाड पाहिले. उंची सुमारे ५ मीटर, खोड मनगटाएवढे जाड. पाने साधी, समोरासमोर जोडीने आलेली, अखंड कडांची, १२ ते १५ सेंटिमीटर लांब आणि टोकाशी निमुळती होती. पानांवर किंवा कोवळ्या फांदीवर लव नव्हती. गळून पडलेल्या पानाचे देठ मोडले तर चीक आला नाही. पानाच्या कडेच्या आत एक शीर कडेला समांतर धावताना दिसली. जोडीतील दोन देठांच्या मधल्या जागेत फांदीवर एक छोटा त्रिकोणी खवला होता आणि त्याचे टोक ताठ, बारीक सुईसारखे लांबलेले होते. फुले नव्हती, पण एका फांदीच्या टोकाशी दोन-तीन निळसर काळी फळे होती. मोबाइलवरील अ‍ॅपने हे कॉफीचे झाड असल्याचे सांगितले. ते बरोबर आहे का?

उत्तर : अ‍ॅपने कुल बरोबर ओळखले, झाड मात्र चुकवले असे दिसते. आपण पाहिलेले झाड रुबिएसी, म्हणजे कदंब आणि कॉफी यांच्या कुलातील आहे, हे आपल्या पत्रातील एका तपशिलावरून जवळजवळ निश्चित होते. त्या कुलातील फारामिया या प्रजातीकडे, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींच्या गटाकडे, बाकीची लक्षणे बोट दाखवतात. जातीचे नाव म्हणून फारामिया ऑक्सिडेंटॅलिस हे सर्वांत आधी पडताळून पाहावे, मात्र ते आजच पक्के म्हणून लिहू नये, असे आमचे मत आहे.

ज्याने कुल ठरते तो तपशील म्हणजे देठांच्या मधला त्रिकोणी खवला. हे उपपर्ण होय. बहुतेक झाडांत उपपर्णे देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असतात किंवा लवकर गळून जातात. रुबिएसी कुलात समोरासमोरच्या दोन पानांची शेजारची उपपर्णे एकमेकांना जोडली जाऊन देठांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतात. समोरासमोरची, साधी, अखंड कडांची पाने आणि देठांच्या मधले उपपर्ण ही दोन लक्षणे एकत्र आली की जगातील कोणत्याही उष्ण कटिबंधीय वनात रुबिएसीचा विचार आधी करावा. १३,००० हून अधिक जातींच्या या कुलाची ओळख एवढ्या सोप्या खुणेवर पटते, ही अभ्यासकांच्या वाट्याला आलेली मोठी सवलतच म्हणायची.

आपण पानाचे वर्णन बरेच सविस्तर केले आहे. पण ओळखीसाठी पानाच्या आकाराचा उपयोग सर्वांत कमी होतो. दाट वर्षावनात छत्राच्या, म्हणजे उंच वृक्षांच्या शेंड्यांच्या थराच्या, वर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम १ ते २ टक्के प्रकाश खालच्या थरापर्यंत पोहोचतो. त्याच अंधुक उजेडात आणि त्याच ओलाव्यात वाढणाऱ्या, परस्परांशी काहीही नाते नसलेल्या डझनावारी कुलांची पाने शेवटी एकाच घडणीची झालेली आढळतात : लंबगोल, अखंड कडांची, गुळगुळीत आणि पाणी निथळून जाईल अशा लांब टोकाची. पानाच्या फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप नेमकी याच साम्यात अडकतात. त्यातच कॉफीसारख्या लागवडीच्या झाडाचे फोटो त्यांच्याकडे रानटी भाऊबंदांच्या फोटोंपेक्षा कितीतरी जास्त असतात.

कुल ठरवल्यावरही समोरासमोर पाने असलेली बाकीची कुले एकेक करून बाजूला काढणे आवश्यक असते, कारण एकच खूण पाहून थांबण्याची सवय पुढे महागात पडते. गार्सिनियाच्या, म्हणजे कोकमाच्या कुलात देठ किंवा साल दुखावली की पिवळा, केशरी किंवा पांढरा चीक येतो. करवंदाच्या कुलात तो दुधासारखा पांढरा असतो. आपल्या पानातून काहीच आले नाही. जांभळाच्या कुलातही कडेला समांतर धावणारी शीर असते आणि तेवढ्यावर अनेकांची फसगत होते. पण त्या कुलाचे पान उजेडासमोर धरले की तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, चुरगळले तर वास येतो आणि देठांच्या मध्ये असे उपपर्ण नसते. मेलास्टोमॅटेसी कुलात पानाच्या बुडापासून निघालेल्या तीन, पाच किंवा सात ठळक शिरा कमानीसारख्या टोकाकडे जातात व त्यांच्या मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या शिरा असतात. हे चित्र इतके ठळक आहे की ते पत्रात लिहायचे आपल्याकडून राहिले नसते. त्याच कुलातील मौरिरी प्रजातीत मात्र ही शिरांची खूण नसते, म्हणून तिची आठवण ठेवावी. तिलाही देठांच्या मधले उपपर्ण नाही. अ‍ॅकँथेसी कुलात, म्हणजे अडुळशाच्या कुलात, दोन देठांना जोडणारी नुसती आडवी रेघ असते. घाईत पाहणाऱ्याला ती उपपर्णाची जागा वाटते, पण खवला तिथे कधीच नसतो आणि पेरे बहुधा फुगीर असतात.

खरी अडचण एकाच झाडाची आहे. कॅसिपोरिया ही खारफुटींच्या कुलातली असूनही डोंगर-उतारावरच्या व सपाटीच्या वनांत वाढणारी प्रजाती पनामातही आढळते. तिची पाने समोरासमोर आणि उपपर्णे देठांच्या मधेच असतात. ही उपपर्णे मात्र लवकर गळतात व मागे आडवा व्रण राहतो, तर आपण पाहिलेले उपपर्ण ताठ टोकासकट टिकून होते. शिवाय कॅसिपोरियाच्या पानाच्या कडेवर अनेकदा पुसट दाते बोटाला जाणवतात.

आता रुबिएसीच्या आत शिरू. मध्य अमेरिकेतील वनांच्या खालच्या थरात या कुलाची सर्वाधिक गर्दी सायकोट्रिया आणि पालिकुरिया या दोन प्रजातींची असते. या दोन प्रजाती वेगळ्या काढण्यासाठी फुलाची गरज पडत नाही. सायकोट्रियात उपपर्ण गळते आणि पेरावर तांबूस तपकिरी केसांची बारीक झालर शिल्लक राहते. भिंगातून ती पाहिली की शंका उरत नाही. पालिकुरियात उपपर्ण टिकते, पण त्याला दोन टोके असतात. पूर्वी सायकोट्रियात गणल्या जाणाऱ्या अमेरिका खंडातील कितीतरी जाती आता पालिकुरियात हलवल्या गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या याद्या वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या झाडाचे उपपर्ण टिकलेले होते आणि त्याला टोक एकच होते, म्हणजे दोन्ही प्रजाती बाद होतात. रँडियात काटे असतात, तेही आपल्या वर्णनात नाहीत.

उरतात त्या कुसारिया, फारामिया आणि अ‍ॅपने सुचवलेली कॉफिया. कुसारिया आणि फारामिया जवळच्या नात्यातल्या आहेत. दोघींच्या फळात एकेकच बी असते. कुसारियाचे उपपर्ण त्रिकोणी पण बोथट असते आणि फळ पांढरे ते पिवळसर. फारामियाचे उपपर्ण सुईसारख्या टोकाचे, पान लवहीन, कडेच्या आतून जाणारी शीर स्पष्ट आणि फळ निळे ते काळे असते. आपण लिहिलेल्या चारही खुणा येथे जुळतात. कॉफीच्या उपपर्णालाही टोक असते, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. पण कॉफीची फळे फांदीच्या लांबीवर पानांच्या बगलेत घोसाने लगडतात, पिकल्यावर बहुधा लाल होतात आणि त्यांत सपाट बाजू एकमेकींना लागलेल्या दोन बिया असतात. शिवाय कॉफी मुळात आफ्रिका खंडातील वनांच्या खालच्या थरातील झाड आहे. अरेबिका कॉफी इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील उंचावरच्या रानांतून आली. पनामात ती लागवडीत भरपूर असली, तरी दाट जुन्या वनात ती आपोआप उगवली असे मानण्यापूर्वी पुरावा हवा.

फारामिया ऑक्सिडेंटॅलिसचे नाव आम्ही पुढे केले त्याला आणखी एक कारण आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेल्यावर तयार झालेल्या गातून जलाशयात बॅरो कोलोरॅडो नावाचे बेट उरले आणि १९२३ पासून ते संशोधनासाठी राखीव आहे. तेथे १९८० च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी ५० हेक्टर वन आखून घेतले आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेले प्रत्येक खोड मोजले, ओळखले आणि नकाशावर मांडले. दोन लाखांहून अधिक खोडे आणि सुमारे ३०० जाती भरल्या. त्यांत संख्येने अगदी वरच्या क्रमांकांवर छत्रात पोहोचणारे महावृक्ष नाहीत, तर हायबँथस प्रुनिफोलियस आणि फारामिया ऑक्सिडेंटॅलिस यांसारखी खालच्या थरातली झुडपे-झाडे आहेत. त्यामुळे त्या भागात वाटेलगत फारामियाच्या खुणा दिसल्या की ती हीच जात असण्याची शक्यता बरीच वाढते.

तरीही संख्येचा हा आधार शेवटी घ्यावा, आधी नाही. ‘येथे हेच झाड जास्त असते’ या वाक्याने सुरुवात झाली की दुर्मीळ झाड कधीच सापडत नाही. ते नेहमीच्या नावाखाली निमूटपणे नोंदले जाते. पनामात फारामियाच्या इतर जातीही आहेत. पुन्हा ते झाड गाठता आले, तर खाली पडलेले एखादे फळ उघडून त्यात बी एकच आहे ना ते पाहावे. फुलाचा फोटो मिळाला, तर पांढऱ्या, लांब नळीच्या, सुवासिक फुलाला चार पाकळ्या आहेत का ते मोजावे; अरेबिका कॉफीच्या फुलाला बहुधा पाच असतात. तोवर नोंदीत ‘फारामिया, बहुधा ऑक्सिडेंटॅलिस’ असे लिहिणे योग्य ठरेल. अशी नोंद अपुरी नसते; तिच्यातून जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितले जाते.

प्रश्न : पाने समोरासमोर असली की उपपर्ण पाहायचे, हे समजले. पण वर्षावनातील बरीचशी लहान झाडे एकाआड एक पानांची असतात. तेथे सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : वासापासून आणि सालीपासून. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ अल्विन जेन्ट्री यांनी एकदशांश हेक्टरच्या पट्ट्यांत २.५ सेंटिमीटरहून जाड असलेले प्रत्येक खोड नोंदवण्याची पद्धत रूढ केली. अशा पट्ट्यात सापडणारी बहुतेक खोडे त्या दिवशी फुलावर किंवा फळावर नसतात, त्यामुळे फूल हाताशी नसताना पान, देठ, साल, चीक आणि वास यांवरून कुल ठरवण्याचे तंत्र त्यांना घडवावेच लागले. १९९३ साली इक्वाडोरमध्ये पाहणी करताना विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. क्षेत्रात काम करणारे अभ्यासक आजही मुख्यतः त्याच वाटेने जातात.

पान दोन रांगांत, उपपर्णाचा मागमूस नाही, आणि डहाळी मोडताना साल लांब चिवट पट्टीसारखी सोलून येते, तर सीताफळाचे कुल समजावे. उपपर्ण नाही, साल अशी सोलत नाही, पण चुरगळलेल्या पानाला मसाल्यासारखा वास आहे, तर दालचिनीचे कुल. सालीला जखम झाली आणि लालसर रस आला, शिवाय फांद्या खोडावर चक्राकार थरांनी आल्या आहेत, तर जायफळाचे कुल जवळजवळ नक्की. पांढरा चीक आणि डहाळीच्या टोकाला कळी झाकणारे टोकदार उपपर्ण, जे गळल्यावर फांदीभोवती कड्यासारखा व्रण राहतो, अशी जोडी दिसली तर वडाचे कुल. पेरे सांध्यासारखी फुगलेली आणि वास तिखट असेल तर मिरीचे. देठ दोन्ही टोकांना फुगीर आणि केस भिंगातून चांदणीसारखे दिसत असतील तर कोकोचे, ज्याला आता भेंडी-कापसाच्या कुलातच धरतात. पान उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक ठिपक्यांबरोबर पारदर्शक रेघाही दिसल्या, तर केसारिया प्रजाती आठवावी. ठिपके अनेक कुलांत मिळतात, ठिपके आणि रेघा एकत्र क्वचितच.

एका सापळ्याची सूचना देतो. अनेक पर्णिकांचे मिळून झालेले संयुक्त पान आणि साध्या पानांची डहाळी यांत गोंधळ झाला, तर कळी कुठे आहे ते पाहावे : ती पानाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. कडुनिंबाच्या कुलातील ग्वारिया या प्रजातीत मात्र संयुक्त पानाच्या टोकालाच वाढती कळी असते आणि ते पान महिनोन्‌महिने नव्या पर्णिका काढत राहते. पहिल्यांदा पाहणारा त्या पानाला फांदीच समजतो, आणि मग पुढची सगळी ओळख चुकीच्या पायावर उभी राहते.

प्रश्न : समोरचे ४ मीटरचे झाड खालच्या थरातले पूर्ण वाढलेले झाड आहे की उंच वृक्षाचे पोर आहे, हे कसे ठरवायचे?

उत्तर : ओळखीच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. बॅरो कोलोरॅडोच्या अभ्यासात पूर्ण वाढीची उंची ४ मीटरपर्यंत असलेल्या जाती झुडपे, ४ ते १० मीटरपर्यंतच्या खालच्या थरातील झाडे, १० ते २० मीटरच्या मधल्या थरातील आणि त्याहून उंच त्या छत्रातील वृक्ष, असे गट केले आहेत. पण हे आकडे जातीला लागू होतात, समोरच्या एकट्या झाडाला नाहीत. छत्रातील वृक्षाचे रोप वर जागा मोकळी होईपर्यंत सावलीत वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच उंचीवर थांबून राहू शकते, त्यामुळे लहान म्हणजे कोवळे आणि कोवळे म्हणजे वेगाने वाढणारे, हे दोन्ही समज येथे उपयोगी पडत नाहीत.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्या उंचीला फूल-फळ येत असल्याची खूण. फूल समोर नसले तरी खोड वरपासून खालपर्यंत पाहावे. खालच्या थरातील कित्येक झाडांना फुले थेट खोडावर येतात आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा आल्याने तेथे खडबडीत गाठी तयार होतात. कोको हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. मूळचे दक्षिण अमेरिकेतील वनाच्या खालच्या थरातले हे झाड आपली इवलीशी फुले खोडावरच्या गाठींतून काढते आणि चिलटांएवढ्या माश्या त्यांचे परागण करतात.

फांद्यांची मांडणीही बोलकी असते. फ्रान्सिस हाले आणि रुलोफ ओल्डेमन यांनी १९७० साली उष्ण कटिबंधीय झाडांच्या वाढीचे ठरावीक नमुने मांडले, आणि त्यांचा क्षेत्रात फार उपयोग होतो. बियेपासून आलेला कोको सरळ एक-दीड मीटर वाढून थांबतो व टोकाशी बहुधा पाच फांद्यांचे चक्र फोडतो. पुढची उंची त्या चक्राच्या खालून फुटलेला नवा कोंब मिळवून देतो. हा क्रम खोडावर मजल्यांसारखा वाचता येतो.

पानांवर मात्र येथे फार भिस्त ठेवू नये. लहानपणीची पाने आणि मोठेपणीची पाने एकाच झाडात वेगळी असतात. फणसाच्या रोपाची पाने अनेकदा खंडित असतात आणि मोठ्या झाडाची अखंड. हा फरक माहीत नसेल, तर एकाच जातीच्या दोन जाती होतात. कोवळी पाने लाल आणि लोंबती असणे हीसुद्धा ओळखीची खूण मानू नये, कारण खालच्या थरात नात्याबाहेरच्या अनेक कुलांत पानाचे हिरवे होणे लांबलेले असते.

प्रश्न : तज्ज्ञाला पाठवण्यासाठी फोटो कसे काढावेत? नमुना घ्यावा का?

उत्तर : संरक्षित वनातून लेखी परवानगीवाचून काहीही तोडू नये आणि देशाबाहेर तर मुळीच नेऊ नये; जैविक संसाधनांच्या वापराविषयीच्या, २०१४ पासून अमलात असलेल्या नागोया या आंतरराष्ट्रीय करारानंतर याविषयीचे नियम अनेक देशांत कडक झाले आहेत. जमिनीवर पडलेले पान आणि फळ पाहायला मात्र कोणाची हरकत नसते. पडलेले पान त्याच झाडाचे आहे ना, हे फांदीवरच्या पानाशी ताडून घ्यावे.

बहुतेक लोक पानाच्या वरच्या बाजूचे सुंदर फोटो पाठवतात, ज्यांचा आम्हाला जवळजवळ काहीच उपयोग नसतो. फांदीच्या टोकापासून तीन-चार पेरे स्पष्ट दिसतील असा जवळचा फोटो सर्वांत मोलाचा. त्यानंतर पानाची मागची बाजू, विशेषतः मधली शीर आणि बाजूच्या शिरा यांच्या बगला, कारण तेथील खळगे आणि केसांचे पुंजके अनेकदा प्रजाती ठरवतात. मग खोडाचा बुंधा आणि शेवटी दूरवरून संपूर्ण झाड. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवावी. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरले तरी उपपर्णाचा चांगला फोटो येतो.

फोटोत न उतरणाऱ्या गोष्टी जागेवरच लिहून काढाव्यात : वास, चिकाचा रंग आणि तो हवेत बदलला का, झाडाची उंची, जमीन ओली की उताराची, आणि तारीख. तारखेचे महत्त्व कमी लेखू नये. हायबँथस प्रुनिफोलियसची झुडपे कोरड्या ऋतूत एखादा जोरदार पाऊस पडून गेल्यावर आठवड्याभराने वनभर एकाच वेळी फुलतात आणि थोड्या दिवसांत उरकतात. तारीख आणि आधीचा पाऊस नोंदलेला असेल, तर अशी माहिती अंधुक फोटोपेक्षा अधिक सांगून जाते.

प्रश्न : आता डीएनए तपासून थेट जात कळते असे वाचले. मग देठ आणि उपपर्ण यांचा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : तपासणी खरोखरच चांगली आहे. २००९ साली बॅरो कोलोरॅडोच्या त्याच ५० हेक्टर वनातील २९६ जातींवर झालेल्या कामात तीन जनुकखंड एकत्र वापरून ९८ टक्क्यांहून अधिक जाती योग्य ओळखता आल्या. पण त्या निकालामागची अट विसरू नये : तुलनेसाठी लागणारे संदर्भ-नमुने आधी कोणीतरी देठ, उपपर्ण, फूल आणि फळ पाहूनच ओळखलेले होते. जेथे अशी यादीच तयार नाही, तेथे प्रयोगशाळा सर्वांत जवळचा नातेवाईक सांगते, झाडाचे नाव नाही. आणि बोर्निओतील लांबिर येथील ५२ हेक्टर वनात १,१०० हून अधिक वृक्षजाती आहेत हे लक्षात घेतले, तर उष्ण कटिबंधातील बहुतेक वनांत ती यादी पुरी व्हायला अजून बराच अवकाश आहे.